हसायची नोकरी

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा भरपूर झाला, पण सगळ्यात मोठा मी तीन बोटांनी केला. एक माणूस भर उजेडात, लोकांसमोर उभा होता. आपण कुठं आहोत, समोरची माणसं कोण, हे त्याला कळेनासं झालं होतं. मी त्याच्यापासून पंधरा पावलांवर खुर्ची टाकून बसले होते. मी तीन बोटं वर केली. तीन बोटं म्हणजे पोट धरून हसा. माझ्या मागं बसलेल्या चाळीस बायका पोट धरून हसल्या.

तेव्हा मी काही अल्लड पोर नव्हते. चांगली बासष्ट वर्षांची होते. नुकतीच निवृत्त झालेली, केस रंगवलेली, चष्म्याला सोनेरी काडी, आणि आपण माणूस एका नजरेत ओळखतो अशी स्वतःविषयी पक्की खात्री. आज ती बाई मला भिगवणच्या स्टँडवर दिसली तर मी पदर तोंडावर ओढून लांब जाऊन उभी राहीन.

बत्तीस वर्षं मी सांगवीत अंगणवाडी चालवली. पोरांची वजनं केली, खिचडी शिजवली, शेंबूड पुसले. त्यावर कुणी मला कधी चार ओळी लिहा म्हणालं नाही. आता दिवाळी अंकवाल्यांचा फोन आला तो त्यानंतरच्या सात महिन्यांसाठी. "आक्का, ती हसायची नोकरी होती ना तुमची, त्यावर लिहा. वाचकांना मजा येईल." मजा येईल तेवढी येऊ दे. बाकीच्याचं मी काय करू?

झालं असं, की पुण्याचा समीर नावाचा एक दिग्दर्शक टीव्हीसाठी विनोदी मालिका करायला आमच्याकडं आला. मालिकेचं नाव 'एक दार, चार चाव्या'. शाळेतले चार मित्रमैत्रिणी, सगळे पन्नाशीच्या पुढचे. एकाची बायको गेलेली, एकीचा घटस्फोट झालेला, एकीनं लग्नच केलेलं नाही, एकाची मुलं परदेशात. चौघं मिळून बारामतीत एक बंगला भाड्यानं घेतात आणि एकत्र राहतात. दूध कुणी संपवलं, बाथरूममध्ये कोण अडकलं, चावी कुणी हरवली, असे त्यातले विनोद. दोन बाया आणि दोन बाप्ये नवराबायको नसताना एका छपराखाली राहतात म्हटल्यावर आमच्या गावात आधी भुवया वर गेल्या, आणि मालिका लागल्यावर टीव्हीचा आवाज वर गेला.

तो बारामतीचा बंगला प्रत्यक्षात भिगवणच्या अलीकडं एका रिकाम्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये उभा केला होता. कोंबड्या गेल्या होत्या, वास राहिला होता. आत झकास दिवाणखाना, स्वयंपाकघर, वर जाणारा जिना. जिना वर जाऊन पत्र्याला टेकायचा. खोल्यांची चार दारं होती, पण दार उघडलं की पलीकडं जाळी आणि कोंबडीखाद्याची रिकामी पोती. टीव्हीत बघणाऱ्याला वाटायचं, केवढं घर आहे!

समीरला हसणारी माणसं हवी होती. एरवी अशा मालिकेत आधीच भरून ठेवलेलं हसू मागून चिकटवतात. तो म्हणाला, "मला डब्यातलं हसू नको, ताजं पाहिजे." सांगवीच्या आमच्या भजनी मंडळाची त्याला कुणीतरी खबर दिली. एका तालात तोंड उघडणाऱ्या चाळीस बायका, आणि त्यांना एका जागी दामटून बसवू शकेल अशी मी. अंगणवाडीतली चाळीस पोरं आणि भजनातल्या चाळीस बाया यांत फरक एवढाच, की पोरांना दुपारी झोप लागते आणि बायांना सकाळपासून.

हसणं म्हणजे काय, तोंड उघडलं की झालं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण ते काम आहे. समीर लांब टीव्हीसमोर बसायचा. पहिल्या खुर्चीवर मी, मांडीवर संवादांचे कागद, आणि त्यावर कुठं किती हसायचं त्याच्या पेन्सिलीनं केलेल्या खुणा. मी हात वर धरायचा, कॅमेऱ्यात न येईल असा. एक बोट म्हणजे खुदकन. दोन बोटं म्हणजे मोकळं हसू. तीन म्हणजे पोट धरून, टाळ्यांसकट. मूठ मिटली की बंद. हसू वेळेत संपलं पाहिजे, नाहीतर नटाचं पुढचं वाक्य त्यात बुडतं. हातात काचेच्या बांगड्या नकोत. तोंडात शेंगदाणे नकोत. खोकला आला तर गिळायचा.

सगळ्यात अवघड म्हणजे एकच प्रसंग चार-चारदा व्हायचा आणि चौथ्यांदाही नव्यानं ऐकल्यासारखं हसायचं. त्याची युक्ती मी काढली. नटाकडं बघायचंच नाही, शेजारणीच्या तोंडाकडं बघायचं. चौथ्या वेळी विनोदाचं हसू येत नाही, शेजारणीचं येतं. आणखी एक गोष्ट मला तिथं कळली, ती मात्र कुणाला सांगितली नव्हती. ज्या बाईच्या घरी काही धड चाललेलं नसायचं तिचं हसू सगळ्यात लांब टिकायचं. एकीचा भाऊ गेला होता, दिवस होऊन आठवडाही झाला नव्हता. ती त्या दिवशी इतकी हसली, की मला दोनदा मूठ मिटावी लागली.

आमच्यात हौसाबाई म्हणून एक होती. ती हसायची कमी आणि मदत जास्त करायची. एकदा प्रसंग असा होता, की तात्या चावी शोधताहेत आणि चावी पलंगाखाली पडलेली आपल्याला दिसतेय. हौसाबाईला राहवलं नाही. उठून उभी राहिली, "आवं तात्या, पलंगाखाली बघा की! वाकून बघा!"

सगळं पुन्हा करावं लागलं. समीर हात जोडून म्हणाला, "काकू, तुम्ही फक्त हसायचं."

"हसते की. पर तो मानूस शोधतोय आन् आमी नुसतं बघत बसायचं व्हय?"

मी तिला सगळ्यांदेखत झापलं. कामाची शिस्त कळत नाही म्हणाले. त्या शेडमध्ये माणुसकी शाबूत असलेली तीच एक होती, हे कळायला मला फार वेळ लागला.

आता तात्या. कऱ्हाटीचे. प्राथमिक शाळेत मास्तर होते, आणि गावोगावच्या जत्रांमधली नाटकं त्यांनी जन्मभर गाजवलेली. स्वतःचं तर सोडाच, समोरच्याचंही उभं नाटक पाठ असायचं. समीरनं त्यांना चौघांतला विधुर मास्तर केलं होतं आणि मालिकेतही त्यांना तात्याच म्हणायचे. सहासष्टाव्या वर्षी माणूस पहिल्यांदा टीव्हीवर आला होता. रोज इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, आणि प्रसंग झाला की माझ्याजवळ येऊन विचारायचे, "आक्का, किती बोटांचं झालं?" मी दोन म्हटलं की तोंड उतरायचं. तीन म्हटलं की लहान मुलासारखे खूश.

त्यांच्याबरोबर कमलवहिनी यायच्या, त्यांची बायको. मांडीवर डबा घेऊन मागं भिंतीशी बसायच्या. त्या कधीच हसायच्या नाहीत. मी मनात म्हणायचे, बाईला विनोदाचं वावडं दिसतंय.

आणि मग तो दिवस. प्रसंग साधा होता. तात्या बाजारातून पिशवी घेऊन येतात, दार सताड उघडं दिसतं, आणि ते तिघांना एकेक करून फैलावर घेतात. तात्या आले. पिशवी धरून उभे राहिले. बोट उगारलं, तोंड उघडलं, आणि थांबले. हातातल्या पिशवीकडं असं बघितलं, की जणू ती कुणी दुसऱ्यानं त्यांच्या हातात दिलीय. मग तिघांकडं बघितलं. आणि अगदी हळू, अदबीनं विचारलं, "तुमी... कुणाकडं आलाय?"

हे कागदावर नव्हतं. खूण नव्हती. पण मी आता हास्यातली जाणकार! मला वाटलं, वा, काय जागा घेतली! कुणाची वाट न बघता मी तीन बोटं वर केली.

हसू एवढं आलं की पत्र्यावरची कबुतरं उडाली. तात्या दचकले. आमच्याकडं वळून बघितलं. मग ओठांच्या कोपऱ्यातून थोडं हसले, आणि मान लववली. जन्मभर रंगमंचावर उभा राहिलेला माणूस. लोक हसले म्हणजे आपलं बरोबर आलं, एवढं त्यांना त्या अंधारातही कळलं.

समीर पळत आला. "तात्या, हे कुठून काढलंत? कमाल केलीत!"

"आलं आपसूक," तात्या म्हणाले.

भिंतीशी कमलवहिनी उभ्या राहिल्या होत्या. डबा पोटाशी धरलेला, चेहरा पांढरा. परत जाताना गाडीत मी बायांना वहिनींच्या त्या चेहऱ्याची नक्कल करून दाखवली. बोटं न दाखवता सगळ्या हसल्या. हे मी लिहितेय तेव्हा माझे कान गरम झालेत, पण लिहिते.

तो भाग लागला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. लेखकांनी मग प्रत्येक भागात लिहायला सुरुवात केली, 'इथे तात्या विसरतात.' गंमत बघा, लिहिलेलं विसरणं तात्यांना लक्षात राहायचं नाही. तिथं ते वाक्य खणखणीत म्हणायचे आणि भलतीकडंच अडकायचे. ते जिथं अडकतील तिथं मी बोटं वर करायची. समीर म्हणायचा, "आक्का, तुमच्या हाताला देवानं टायमिंग दिलंय." मी ते चार घरी सांगितलं.

पुढं इंदापूरच्या एका शाळेनं स्नेहसंमेलनाला तात्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. समीरनं मलाही पाठवलं. तात्या माइकसमोर गेले. "बालमित्रांनो," म्हणाले, आणि संपलं. खिसे चाचपले. मागं वळून खुर्चीवरच्या हेडमास्तरांकडं बघितलं. पोरं हसायला लागली. तात्यांनी पुन्हा खिसे चाचपले. शिक्षक हसले, पालक हसले, टाळ्या थांबेनात. तात्या पहिल्या रांगेत कुणाला तरी शोधत होते. मी दिसल्यावर त्यांची नजर माझ्या हातावर आली. माझा हात मांडीवर होता. त्यात कागद नव्हता, समोर कॅमेरा नव्हता, आणि तो माणूस नाटक करत नव्हता. त्या क्षणी माझ्या सोनेरी काडीच्या चष्म्याला दिसलं.

व्हरांड्यात वहिनी माझ्याजवळ आल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आपणहून बोलल्या.

"आक्का, घरी गॅस चालू राहतो. परवा हे आमच्याच गल्लीत उभं राहून लोकास्नी आमचं घर विचारत हुते. समीरसाहेबास्नी सांगितलं तर ते म्हनले, वयाचं असतंय, आन् लोकांना आवडतंय. तुमी बोट वर करू नका की. न्हाय हसलं कुणी, तर साहेब ह्यास्नी आपसूक सोडतील. मग मी घिऊन जाईन."

मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तात्या मृदुलाला म्हणाले, "जरा माझ्या खोलीत पडतो." मृदुला म्हणजे चौघांतली घटस्फोटित बाई करणारी पुण्याची नटी. तिला वाटलं मेकअपच्या खोलीत जातायत. तात्या बंगल्याच्या जिन्याखालच्या दाराकडं गेले, जे मालिकेत त्यांच्या खोलीचं होतं. दार उघडलं. समोर जाळी आणि पोती. मी मागून गेले तर ते उंबऱ्यावर उभे. आत जाता येईना, बाहेर यायचं सुचेना.

"तात्या," मी म्हणाले, "वहिनी म्हणतात ते खरंय ना? आपण थांबू या का आता?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे स्वच्छ होते, त्या क्षणी सगळं होतं जागेवर.

"कमलनं सांगितलं व्हय? सांगू द्या. आक्का, मला कळतंय काय चाललंय ते. समदं हातातनं निसटतंय. फकस्त तुमचं बोट वर गेलं आन् बाया हसल्या, की वाटतं, हाय, अजून हाय मी. तेवढं बंद करू नका. हात जोडतो."

आणि खरंच हात जोडले. मास्तर माणसानं, माझ्यासमोर.

आता सांगा, काय करायचं? मी बासष्ट वर्षांची शहाणी. बायको म्हणते हसवू नका, नवरा म्हणतो हसवा. समीरकडं जाऊन सरळ सांगायचं धाडस नव्हतं. चाळीस बायांना घराबाहेर पडायला मिळत होतं, ते जाईल. आणि खरं सांगायचं तर माझी पहिली खुर्चीही जाईल. आठवडाभर मी अर्धवट वागले. तीनच्या जागी दोन, दोनच्या जागी एक. तात्या प्रसंग झाल्यावर विचारायला येईनासे झाले.

शेवटी मी वहिनींचं ऐकायचं ठरवलं. मालिकेत तात्यांचा वाढदिवस होता. तात्यांनी एकेका मित्राचं नाव घेऊन त्याला घराची नवी चावी द्यायची, असा प्रसंग. पहिली चावी मृदुलाला. तात्यांनी चावी पुढं केली. "ही..." म्हणाले, आणि थांबले. माझ्याकडं बघितलं.

मी मूठ मिटली आणि हात पदराखाली घेतला.

चाळीस बायका माझ्या पदराकडं बघत बसल्या. कुणी हसलं नाही. तात्यांना वाटलं, पोचलं नसेल. मुरलेला नट जसं करतो तसं त्यांनी ते पुन्हा केलं, थोडं मोठं करून. चावी पुढं केली, भुवई उचलली, "ही..." शांतता. तिसऱ्यांदा केलं. मग ते सगळं सोडून माझ्याकडं वळले आणि कॅमेरा चालू असताना विचारलं, "आक्का, चुकलं का माझं?"

मागून हौसाबाई उठली. "न्हाय ओ तात्या! मृदुला हाय ती. मृदुलेला द्या चावी."

या वेळी तिला कुणी झापलं नाही. मृदुलानं चावी घेतली आणि रडायला लागली. समीरनं कॅमेरे बंद करायला सांगितले, टोपी काढली आणि डोकं धरून जिन्याच्या पायरीवर बसला. वहिनींनी तात्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि त्यांना बाहेर नेलं. जाताना ते एकेका बाईला नमस्कार करत गेले. कुणाला हसावं का रडावं कळेना, कारण माझं बोट कुठलंच वर नव्हतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी त्या आजाराला नाव दिलं. मालिकेत सांगितलं की तात्या गावी गेलेत. तिघांवर तीन भाग कसेबसे निघाले, आणि टीव्हीवाल्यांनी मालिका बंद केली. शेडच्या मालकानं बंगला मोडला आणि तिथं पुन्हा पिल्लं सोडली. आमची गाडी शेवटची सांगवीला परतली तेव्हा हौसाबाई माझ्याशेजारी बसली होती. म्हणाली, "आक्का, आपुन हसलो ते पाप, का नंतर न्हाय हसलो ते?" सहा वर्षं झाली. अजूनही ती समोर आली की मी रेशनच्या रांगेचं काहीतरी बोलते.

दोन महिन्यांनी मी कऱ्हाटीला गेले. माफी मागायची होती, पण कोणत्या गोष्टीची ते ठरत नव्हतं. दुपार होती. तात्या ओट्यावर खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मला ओळखलं नाही, पण "या, बसा बसा" म्हणाले आणि बोलायला लागले. "आमच्या शाळेत एक पोरगं हुतं..." म्हणाले, आणि थांबले.

ते थांबणं मी कुठंही ओळखेन. त्यांनी मान डावीकडं वळवली. शेडमध्ये आम्ही त्याच बाजूला बसायचो. इथं तिथं नुसती भिंत होती आणि भिंतीला टेकवलेली सायकल. त्यांनी भुवई उचलली आणि वाट बघितली.

आतून, स्वयंपाकघरातून, वहिनी हसल्या. दोन बोटांचं हसू. नेमकं तेवढंच लांब, आणि तात्या पुढं बोलणार त्याच्या जरा आधी बंद. चाळीस बायांना मी शिकवलं, पण एकीला असं जमलं नव्हतं. तात्या खूश झाले, पुढं दोन वाक्यं बोलले. पुन्हा थांबले. या वेळी मीही तोंड उघडलं. एका बोटाचंसुद्धा निघालं नाही, नुसता खोकला आला. आतून वहिनी पुन्हा हसल्या. पण तात्या भिंतीकडंच बघत राहिले, मान तशीच वळवलेली, जणू उरलेलं अजून यायचंय.

मी उठून आत गेले. वहिनी मेथी निवडत होत्या. मी म्हणाले, "वहिनी, मला माफ करा." त्यांनी मान वर केली नाही. हातातली काडी मोडली, पानं परातीत टाकली, आणि म्हणाल्या,

"मी रोज हसते, आक्का. पर मी एकटी हाय, आन् त्यास्नी चाळीस जणींची सवय लागलीय."